एकच पेंडुलम धरून बसलेय

फिजिक्स शिकायचंय म्हटलं की माणूस थेट ब्लॅक होलवर जाऊन बसतो, नाहीतर क्वांटमवर. व्हिडिओ बघायचे, अंगावर काटा आणून घ्यायचा आणि रात्री जेवताना घरच्यांना ऐकवायचं की म्हणे ते मांजर एकाच वेळी जिवंत पण असतं आणि मेलेलं पण. मजा येते, नाही कशाला म्हणू. पण असे ढीगभर व्हिडिओ बघितल्यावरही कोणी समोर कागद ठेवला आणि म्हणालं की बाई यातलं एक गणित सोडवून दाखव, तर पेन उचलत नाही. ते सगळं ऐकीव असतं, आणि खरं का खोटं हे घरी बसून तपासायचा काही मार्ग नसतो.

मी अकाउंट्सवाली. बी.कॉम., नाशिकला अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत, टॅली, जीएसटी, महिनाअखेर, ऑडिट, झालं. दहावीनंतर सायन्सला का गेले नाही ती कथा इथे नको. मुलगी अकरावी सायन्सला गेली, तिची पुस्तकं घरात आली, ती क्लासला गेली की मी ती उघडून बसायला लागले, अशी सुरुवात झाली. आणि अजून मी पेंडुलमवरच आहे. नवरा मधूनच डोकावून विचारतो, "अजून तेच?" हो, अजून तेच.

आणि यातून माझं एक मत पक्कं झालंय, ते म्हणजे हौसेने क्लासिकल फिजिक्स शिकायचं असेल तर एक साधी वस्तू धरायची आणि तिला सोडायचं नाही. "आधी गणित पूर्ण करते, मग फिजिक्सला हात लावते" असं म्हणणारे खूप बघितलेत, जाडजूड कॅल्क्युलसचं पुस्तक आणतात, लिमिटच्या धड्यापर्यंत पोचतात आणि पुस्तक कपाटावर जातं. साहजिक आहे, कशासाठी शिकतोय हेच माहीत नसलं तर कोण टिकणार. वस्तू समोर लटकलेली असली की गणित आपोआप मागे लागतं, एकेक तुकडा, ज्या दिवशी लागेल त्या दिवशी.

तर पेंडुलमचा फॉर्म्युला सगळ्यांना माहीत असतो. एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ म्हणजे दोन पाय (तो ३.१४ वाला पाय) गुणिले वर्गमूळात लांबी भागिले जी, जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण. वजनाचा पत्ता नाही त्यात, किती लांब ओढून सोडला त्याचाही नाही. मुलीला विचारलं हे कुठून आलं, तर म्हणाली, "आई, लहान कोनासाठी असं लिहायचं आणि पुढे जायचं, तेवढ्यावर मार्क मिळतात."

"लहान म्हणजे किती लहान?"

"अगं लहान म्हणजे लहान!"

आता आमच्या धंद्यात असं चालत नाही. ऑडिटरला "खर्च लहान आहे" म्हणून सांगून बघा. किती रुपये ते बोला. सगळं पुढचं याच एका प्रश्नातून निघालं, लहान म्हणजे किती.

पहिली गोष्ट कळली ती रेडियनची. शाळेत रेडियन म्हणजे उगाच मुलांना छळायला काढलेलं एकक वाटायचं, ९० अंश सरळ सोडून पाय बाय दोन कशाला. पण कोन रेडियनमध्ये लिहिला की लहान कोनाचा साइन हा जवळजवळ तो कोनच असतो. १० अंश म्हणजे ०.१७४५ रेडियन, आणि त्याचा साइन ०.१७३६. अर्धा टक्का फरक. ३० अंशांना मात्र ०.५२३६ आणि ०.५, म्हणजे पावणेपाच टक्के, तिथे डोळेझाक करता येत नाही. लंबकाला मागे खेचणारं बल साइनच्या प्रमाणात असतं, आणि साइनच्या जागी नुसता कोन ठेवला की गणित सोपं होतं, तो लहान कोनाचा सगळा मामला एवढाच. (एक्सेलला पण अंश कळत नाहीत बरं का, साइनच्या फंक्शनमध्ये ३० टाकलं तर तो ३० रेडियन समजतो आणि उणे काहीतरी आकडा हातात देतो.)

मग साइनचा डेरिव्हेटिव्ह, म्हणजे कोन जरासा बदलला की साइन किती वेगाने बदलतो ते, कोसाइनच का, हे हवं झालं. दहावीनंतर ट्रिग्नॉमेट्रीशी माझा संबंधच सुटला होता, त्यामुळे हे शून्यातून. मी सरळ एक्सेलमध्ये एकेक अंशाने साइनचा तक्ता केला, शेजारच्या दोन ओळींची वजाबाकी केली, ती अंशाच्या रेडियनने भागली, आणि शेजारी कोसाइन ठेवला. रकाने जुळतात. पुस्तकातली सिद्धता नंतर वाचली, पण विश्वास बसला तो या तक्त्यावर. पुढे वाचताना कळलं की आपल्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ग्रहाची त्या क्षणाची गती काढायला नेमका हाच हिशोब केला होता, ज्येच्या (म्हणजे साइनच्या) बारीकशा फरकाला कोटिज्येशी (म्हणजे कोसाइनशी) जोडून. आणि हे भास्कराचार्य म्हणजे आमच्या शेजारचेच म्हणायचे, चाळीसगावजवळ पाटणादेवीला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे. यावरून "न्यूटनच्या आधी सगळं आपल्याकडे होतं" असा मेसेज कृपया फिरवू नका, न्यूटनने जे केलं ते वेगळं आणि फार मोठं आहे, पण साइनचा फरक कोसाइनसारखा वागतो हे इथे कोणीतरी हाताने तक्ते करून बघितलं होतं हे वाचून मला माझ्या तक्त्याचा भारी अभिमान वाटला.

आता प्रत्यक्ष मोजायचं. हॉलच्या छताला मुलीच्या पाळण्याची कडी आहे अजून, तिला गोधडी शिवायचा दोरा बांधला (नायलॉन नको, ताणतो) आणि खाली गवंड्याचा पितळी ओळंबा. लांबी मोजायची ती दोऱ्याच्या टोकापर्यंत नाही, ओळंब्याच्या गुरुत्वमध्यापर्यंत, म्हणून ओळंबा आधी पट्टीच्या कडेवर आडवा तोलून मध्यावर पेनाने खूण केली. बरोबर एक मीटर ठेवलं. पंखा बंद, खिडक्या बंद, मे महिना, घरच्यांनी काय काय बोलून घेतलं ते सोडा. मोजताना ओळंबा टोकाला असताना घड्याळ दाबायचं नाही, तिथे तो रेंगाळतो, नेमका कधी वळला ते कळत नाही. मधून जाताना तो सगळ्यात जोरात असतो म्हणून तिथे दाबायचं, आणि पहिल्यांदा दाबताना तोंडाने "शून्य" म्हणायचं, "एक" नाही, नाहीतर एक झोका खाल्ला जातो. ५० झोके मोजायचे कारण बोटाची जी काही ०.२ सेकंदाची गडबड असते ती मग ५० मध्ये वाटली जाते.

५० झोक्यांना १००.६ सेकंद. म्हणजे एका झोक्याला २.०१२, त्यावरून जी निघतो ९.७५.

नाशिकला जी ९.७८ ते ९.७९ च्या मध्ये कुठेतरी असायला हवा. (९.८ हा आकडा आपण सगळीकडे वापरतो पण विषुववृत्तावर तो ९.७८० आणि ध्रुवावर ९.८३२, आपण खालच्या टोकाला.) माझ्या मोजण्यातली गडबड धरली, लांबीत एक मिलिमीटर आणि वेळेत बोटाचे ०.२ सेकंद, तरी ती जीमध्ये जास्तीत जास्त ०.०५ पर्यंत जाते, म्हणजे ९.७५ तसं चालून जाण्यासारखं होतं. पण मला ते चालवून घ्यायचं नव्हतं, कारण फरक एका बाजूला झुकलेला होता, पुन्हा मोजलं तरी ९.७५ च्या आसपासच यायचं, वर काही जायचं नाही. असं झालं की समजायचं कुठेतरी एक नोंद राहिलीय.

राहिलेली नोंद म्हणजे तो "लहान कोन". मी ओळंबा बारा-तेरा अंशांवरून सोडत होते, ५० झोके होईपर्यंत तो सात-आठवर यायचा, सरासरी १० धरा. आणि खरा वेळ फॉर्म्युल्यापेक्षा थोडा जास्त असतो, किती, तर कोनाच्या रेडियनचा वर्ग भागिले १६, एवढ्या पटीने. १० अंशांना ते येतं ०.००१९. वेळेत ०.१९ टक्के, जीमध्ये त्याच्या दुप्पट कारण जीच्या सूत्रात वेळेचा वर्ग आहे, म्हणजे ०.३८ टक्के. ९.७५ मध्ये ते वाढवलं की ९.७९.

हे आलं ना, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याला ओढून आणलं. घरातल्या कडीला टांगलेल्या ओळंब्यात सोळाव्या भागाची ती दुरुस्ती दिसते! कोणाच्या सांगण्यावरून नाही, दोऱ्यावरून. ब्लॅक होल माझ्या हॉलमध्ये येणार नाही.

पण तो १६ कुठून आला? इथे मात्र बरेच दिवस गेले. रस्ता असा आहे की ऊर्जा धरायची, वरून खाली येताना उंची गेली तेवढा वेग आला, म्हणजे प्रत्येक कोनाला वेग किती ते कळतं. मग एवढासा कोन ओलांडायला किती वेळ लागला ते काढायचं आणि असे सगळे तुकडे मिळवत जायचं, म्हणजेच इंटिग्रल. मांडलं, छान दिसतंय, आता सोडवू म्हणून बसले, आणि ते सुटत नाही. मला नाही, कोणालाच सुटत नाही. साइन, कोसाइन, लॉग, वर्गमूळ असलं नेहमीचं काहीही वापरून त्याचं उत्तर लिहिता येत नाही, त्याला एलिप्टिक इंटिग्रल म्हणतात आणि शे-दोनशे वर्षं मोठमोठे लोक त्यावर बसले होते. शाळा-कॉलेजात आपल्याला अशी सवय लागलेली असते की इंटिग्रेशनच्या प्रत्येक गणिताला मागे उत्तर असतंच, फक्त आपल्याला युक्ती सुचली पाहिजे. साध्या दोऱ्याला बांधलेल्या वजनाचं उत्तर पण तसं लिहिता येत नाही हे मला अकरावीच्या पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगायला हवं होतं, मी सायन्सला गेले असते.

उत्तर लिहिता येत नाही पण आकडा काढता येतो, आणि इतका सोपा की पानवाल्याच्या कॅल्क्युलेटरवर होईल. समजा पेंडुलम पार ९० अंशांवरून सोडला. त्याच्या निम्मा कोन ४५, त्याचा कोसाइन ०.७०७१. आता १ आणि ०.७०७१ हे दोन आकडे घ्यायचे. त्यांची सरासरी ०.८५३६. त्यांचा गुणाकार करून वर्गमूळ ०.८४०९. आता या दोघांना घेऊन पुन्हा तेच, सरासरी ०.८४७२, वर्गमूळ ०.८४७२. संपलं, दोन फेऱ्यांत चार दशांशांपर्यंत जुळले. १ ला ०.८४७२ ने भागा, १.१८०३. म्हणजे ९० अंशांवरून सोडलेला पेंडुलम फॉर्म्युल्यापेक्षा १८ टक्के हळू, माझा एक मीटरचा २.०१ ऐवजी २.३७ सेकंद घेणार. आणि १८० अंशांवर, म्हणजे काठीला लावलेला पेंडुलम बरोबर डोक्यावर उभा केला तर निम्म्याचा कोसाइन शून्य, त्या दोन आकड्यांची ओढाताण शून्यावर जाऊन पोचते, १ भागिले शून्य, वेळ अनंत. बरोबरच आहे, तो तसाच उभा राहणार!

हे सरासरी आणि वर्गमूळ आळीपाळीने घेणं गाउस या जर्मन गणितज्ञाला पोरवयातच सापडलं होतं, आणि १७९९ मध्ये, म्हणजे बावीस वर्षांचा असताना, त्याने १ आणि २ चं वर्गमूळ घेऊन हाताने आकडेमोड केली आणि अशाच एका न सुटणाऱ्या इंटिग्रलशी ती अकरा दशांशांपर्यंत जुळते असं डायरीत लिहून ठेवलं. आधी आकडा जुळला, सिद्धता नंतर. हे वाचून मला फार बरं वाटलं.

वेळ कोनावर अवलंबून असतो हे घड्याळवाल्यांना आधीच जाचत होतं. हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६५६ मध्ये पेंडुलमचं घड्याळ केलं आणि दिवसाला पंधराएक मिनिटं चुकणारी घड्याळं एकदम पंधराएक सेकंदांवर आली, पण त्याच्या घड्याळात झोका मोठा असायचा, आणि झोका कमी-जास्त झाला की वेळ बदलणार. मग त्याने शोधून काढलं की वजन वर्तुळातून न नेता सायक्लॉइडवरून नेलं, म्हणजे रस्त्यावर घरंगळणाऱ्या चाकाच्या कडेवरचा एक ठिपका जी कमान काढतो ती उलटी करून, तर वेळ झोक्यावर अवलंबूनच राहत नाही, कुठूनही सोडा. आणि दोऱ्याच्या दोन्ही बाजूंना तशाच आकाराचे पत्र्याचे गाल लावले की दोरा त्यांच्यावर टेकत टेकत आपोआप त्या वाटेने जातो. १६७३ मध्ये त्याने हे सगळं छापलं. गंमत म्हणजे तेवढ्यात झोकाच लहान ठेवणारी यंत्रणा निघाली आणि ते सुंदर गाल बिनकामाचे झाले. कारखान्यात असं रोज होतं.

आणि रिशे नावाचा फ्रेंच माणूस, तो १६७२ मध्ये दक्षिण अमेरिकेत कायेनला गेला, विषुववृत्ताजवळ, ग्रहांची निरीक्षणं करायला. पॅरिसला लावलेलं घड्याळ तिथे दिवसाला अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. मी हे आपल्या फॉर्म्युल्यात घालून बघितलं. पॅरिसला जी ९.८०९, कायेनला ९.७८०, फरक ०.३ टक्के. वर्गमूळ आहे म्हणून वेळेत निम्मा, ०.१५ टक्के. दिवसाची १४४० मिनिटं, म्हणजे दोन मिनिटांच्या थोडं वर. अडीच नाही पण त्या काळच्या मानाने काय वाईट आहे! जी सगळीकडे सारखा नाही हे पहिल्यांदा असं कळलं, आणि पृथ्वी ध्रुवांवर चपटी आहे म्हणणाऱ्या न्यूटनला तो पुरावा मिळाला. पुढे १७९० मध्ये फ्रान्समध्ये मीटरची व्याख्याच सेकंदाच्या पेंडुलमवरून (एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला बरोबर एक सेकंद घेणारा) करायचा प्रस्ताव होता, तो मागे पडला, त्यात जागा बदलली की लांबी बदलणार ही पण अडचण होतीच.

आता माझ्या आवडीचा भाग, एक्सेल. इंटिग्रल सुटत नाही ना, मग पेंडुलम पायरी पायरीने चालवायचा. एका रकान्यात वेळ, मग कोन, मग कोनाचा वेग, मग त्वरण, पायरी ०.०१ सेकंदाची. पुढच्या ओळीतला कोन म्हणजे आधीचा कोन अधिक आधीचा वेग गुणिले ०.०१. पुढचा वेग म्हणजे आधीचा वेग अधिक आधीचं त्वरण गुणिले ०.०१. ही ऑयलरची पद्धत, कुठल्याही पुस्तकात पहिली तीच. हजार ओळी खाली ओढल्या, ग्राफ काढला, आणि पेंडुलम वाढतोय. १० अंशांवरून सोडलेला पेंडुलम दहा सेकंदांत सोळा अंशांपर्यंत जातो. कोणी ढकलत नाही, काही नाही, आपला आपण. मी शेवटी ऊर्जेचा एक रकाना जोडून ठेवला होता, सवयच आहे, ट्रायल बॅलन्ससारखा, तो टॅली व्हायलाच पाहिजे, आणि तो अडीच पटीच्या वर गेलेला.

उपाय ऐकून हसाल. आधी वेग काढा, आणि कोन काढताना आधीच्या वेगाऐवजी हा नवीन वेग वापरा. बस. फॉर्म्युल्यात एका सेलचा पत्ता एक ओळ खाली सरकवायचा. पायरी तीच, मेहनत तीच, आणि ऊर्जा जागच्या जागी, थोडी वर-खाली डुलते पण पळून जात नाही, लाख ओळी ओढा. ॲलन क्रोमर नावाच्या प्राध्यापकाने १९८१ मध्ये यावर पेपर लिहिला, आणि ही युक्ती एका हायस्कूलच्या मुलीला प्रोग्राम करताना ओळींचा क्रम बदलला गेल्यामुळे सापडली असं त्यातच सांगितलंय.

पण का? हे असं का, म्हणून मी हट्टाला पेटले आणि उत्तर सापडलं ते माझ्या स्वतःच्या कॉमर्सच्या गणितात. लहान कोन धरला तर एका ओळीवरून पुढच्या ओळीवर जाणं म्हणजे दोन बाय दोनचा मॅट्रिक्स (चार आकड्यांचा चौकोन), कोन आणि वेग आत, नवीन कोन आणि वेग बाहेर. त्याचा डिटरमिनंट काढा, तिरपा गुणाकार वजा तिरपा गुणाकार, हे तर आम्हाला पण होतं. ऑयलरच्या पद्धतीत तो येतो १ अधिक जी भागिले लांबी गुणिले पायरीचा वर्ग. एकापेक्षा थोडासाच जास्त, माझ्या आकड्यांना साधारण १.००१. पण चक्रवाढ व्याज लागतं त्याला! हजार ओळींत १.००१ चा हजारावा घात म्हणजे २.७ च्या आसपास, तीच ती अडीच पटीवर गेलेली ऊर्जा. आणि दुसऱ्या पद्धतीत डिटरमिनंट मांडला तर १ वजा काहीतरी अधिक तेच काहीतरी, म्हणजे बरोबर १. डिटरमिनंट म्हणजे क्षेत्रफळ किती पट होतं त्याचं माप, तो १ असला की कोन आणि वेगाच्या पटावर जेवढं क्षेत्रफळ घ्याल तेवढंच पुढे राहतं, फुगत नाही की आटत नाही. खऱ्या पेंडुलमचं पण तसंच असतं, घर्षण सोडलं तर. कॉलेजात हे डिटरमिनंट आम्ही शेकड्याने काढले असतील, ते कशाचं माप आहे हे कोणी बोललं नव्हतं.

यानंतर लग्रांज या गणितज्ञाकडे वळले. त्याने १७८८ मध्ये मेकॅनिक्सवर ग्रंथ लिहिला आणि प्रस्तावनेतच बजावलं की यात एकही आकृती सापडणार नाही. मला आधी तो माणूस खडूसच वाटला, आकृतीशिवाय मला समजणार कसं. पण त्याची रीत अकाउंटंटला आवडण्यासारखी आहे. न्यूटनच्या पद्धतीने जायचं तर दोऱ्यातला ताण किती, तो कुठल्या दिशेला, हे सगळं मांडायचं आणि शेवटी तो ताण काढून टाकायचा, कारण आपल्याला तो नकोच असतो. लग्रांज म्हणतो गतीची ऊर्जा वजा उंचीची ऊर्जा एवढंच लिही, कोनात लिही, आणि मग हा ठरलेला डेरिव्हेटिव्हचा खेळ कर. केला. दोन ओळींत पेंडुलमचं समीकरण आलं, ताणाचं नाव नाही. अधिक नाही, वजा का, यावर मी बराच काळ अडकून होते आणि आत्ता कुठे थोडंसं उमगतंय, ते पुन्हा कधीतरी. पण एका पेंडुलमला ही रीत म्हणजे नुसती चैन आहे. खरी किंमत कळते ती ओळंब्याच्या खाली दुसरा ओळंबा टांगला की, तिथे न्यूटनच्या वाटेने दोन ताणांचा गुंता होतो, आणि इथे दोन कोन, दोन समीकरणं, सरळ. लांबलचक आहेत, पण आमच्या कंपनीच्या काही एक्सेल फॉर्म्युल्यांपेक्षा बरी. ती पण शीटमध्ये घातली, मोठ्या कोनावरून सोडली, आणि शेजारी दुसरी शीट, सुरुवातीचा कोन अंशाच्या हजाराव्या भागाने वेगळा. थोडा वेळ दोन्ही ग्राफ एकावर एक, आणि मग एक डावीकडे, एक उजवीकडे, काही संबंधच नाही. मुलगी पहिल्यांदा स्वतःहून येऊन बसली ती हे बघायला. हे तरी सिलॅबसमध्ये आहे का, तर नाही.

झोक्याचं पण सांगते. नागपंचमीला मामाच्या गावी झाडाला झोके बांधायचे, आणि आम्ही उभ्याने झोका चढवायचो, खालून जाताना ताठ उभं राहायचं, टोकाला गेलं की गुडघ्यात बसायचं. कोणी शिकवलं नाही, सगळ्या पोरींना येतं. आता कळलं त्यात काय चालतं. खालून जाताना उभं राहिलं की आपलं वजन कडीच्या जवळ सरकतं, म्हणजे पेंडुलमची लांबी कमी होते. उठताना जोर दोरीच्या दिशेनेच लागतो, तो गोल फिरवत नाही, त्यामुळे कोनीय संवेग (वजन गुणिले वेग गुणिले लांबी) तसाच राहतो, आणि लांबी कमी झाली म्हणून वेग वाढतो. टोकाला वेगच शून्य असतो, तिथे बसलं तर काही जात नाही, थोडी उंची तेवढी परत द्यावी लागते, ती पण कोनाच्या कोसाइनने कमी. प्रत्येक झोक्यात हे दोनदा. पायातली ताकद अशी झोक्यात जाते.

सध्या फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या पेंडुलमवर आहे. १८५१ मध्ये त्याने पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटरच्या तारेला २८ किलोचा गोळा टांगला आणि त्याच्या झोक्याची दिशा हळूहळू वळताना लोकांना दाखवली, म्हणजे खालची जमीन फिरतेय हे. पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत असा एक आहे, आणि दिल्लीच्या नवीन संसदेत २०२३ पासून एक टांगलाय, त्याला पूर्ण फेरी करायला जवळपास ५० तास लागतात. सूत्र एवढंच, २३.९३ तास भागिले अक्षांशाचा साइन. दिल्लीचा २८.६ टाकून बघा, बरोबर ५० येतात. नाशिक २० अंशांवर, म्हणजे इथे ७० तास, तासाला पाच अंशांच्या थोडं वर. आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात मधे मोकळी पोकळी आहे, चार मजल्यांची, दुपारी तिथे वारा पण नसतो, आणि तासाभरात पाच अंश म्हणजे खाली खडूने रेघ मारली तर सहज दिसेल. अडचण दोन ठिकाणी आहे. गोळा सोडताना जराही आडवा धक्का लागला की तो लंबवर्तुळात फिरायला लागतो आणि मग पृथ्वी फिरत नसली तरी वळतोच, म्हणून तो दोऱ्याने बाजूला बांधून ठेवतात आणि दोरा जाळून सोडतात. ते जमेल. दुसरं म्हणजे तारेची वरची पकड सगळ्या बाजूंनी अगदी सारखी लागते, एका बाजूला घट्ट आणि दुसरीकडे सैल असली की संपलं. त्यासाठी ड्रिल मशीनचा चक (बिट पकडणारा भाग) चालतो म्हणतात, कंपनीच्या टूलरूममधून एक जुना मागून ठेवलाय. तार आणि पाच-सहा किलोचा गोळा मिळाला की सोसायटीच्या सेक्रेटरींकडे परवानगी मागायची, आणि तिथे मला लग्रांजचा काही उपयोग होणार नाही.